शाळेसमोर झेब्रा पट्टे मारले की काम संपत नाही

शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर दहा मिनिटं उभं राहा आणि गाड्यांकडे न बघता मुलांच्या पायांकडे बघा. मी हे बऱ्याचदा केलंय. दुसरी-तिसरीतली एक मुलगी, पाठीपेक्षा मोठं दप्तर, हातात पाण्याची बाटली, रस्ता ओलांडायला फुटपाथच्या कडेला येते. दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या. एकीकडे बघते तर गाडीचं दार, दुसरीकडे बघते तर टायर आणि त्याच्या वरची काच. मग ती एक पाऊल पुढे टाकते, तरी काही दिसत नाही, अजून एक पाऊल, आणि मान लांब करून बॉनेटच्या पलीकडे डोकं काढते. तिला येणारी गाडी दिसेपर्यंत तिचे बूट चालत्या लेनमध्ये पोचलेले असतात. घरी जे शिकवलं ते सगळं तिने केलं, थांबली, दोन्हीकडे बघितलं, धावली नाही, आणि तरी ती आता रस्त्यात उभी आहे.

हा लेख त्या दोन पावलांबद्दल आहे.

आपल्याकडे काय सगळीकडेच, शाळेजवळ अपघात झाला की पहिला प्रश्न असतो "मूल एकदम आडवं आलं का?" मूल एकदम आडवं येणारच, कारण ते मूल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेजवळचं क्रॉसिंग मुलाकडून चूक होणारच असं धरून बांधायला पाहिजे, आणि ते कसं बांधायचं हे काही गूढ शास्त्र नाही, थोडं गणित आहे आणि थोडं नीट बघणं आहे.

आधी मुलांचं समजून घेऊ. मोठ्या माणसाला लांबून येणारी गाडी हळू आहे की जोरात हे पटकन कळतं, कारण गाडी जवळ येताना डोळ्यात तिचा आकार किती भरभर मोठा होतोय हे आपला मेंदू नकळत मोजत असतो. लहान मुलांचं हे मोजमाप अजून पक्कं झालेलं नसतं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण 32 किलोमीटरपेक्षा जोरात येणारी गाडी जवळ येतेय हे खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे गाडी जितकी वेगात तितकी ती मुलाला "अजून लांब आहे, उभीच आहे" अशी वाटण्याची शक्यता जास्त, आणि हे किती उलटं आहे बघा, जी गाडी सगळ्यात धोक्याची तीच त्याला सगळ्यात निरुपद्रवी दिसते. यात दुर्लक्षाचा भाग नाही, मूल अगदी टक लावून बघत असलं तरी हे होतं. त्यात भर म्हणजे पलीकडे मित्र दिसला, आई दिसली, बस सुटायला लागली की मुलाचं सगळं लक्ष तिकडे, बाकी जग तेवढ्यापुरतं नसतंच. स्वीडनमध्ये स्टिना सँडेल्स नावाच्या संशोधक बाईंनी 1960-70 च्या दशकातच हे ठामपणे मांडलं होतं की लहान मुलाला ट्रॅफिकच्या साच्यात बसवता येणार नाही, ट्रॅफिक मुलाच्या मापाने बेतावं लागेल. याचा अर्थ मुलांना शिकवू नका असा अजिबात नाही, जरूर शिकवा, रोज शिकवा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता वेगाचं गणित, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. ड्रायव्हरला मूल दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो असं धरतात. तेवढ्यात गाडी 21 मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. मग ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर अजून 14 मीटर. एकूण 35. आता तीच गाडी ताशी 30 ने येतेय असं समजा. दीड सेकंदात साडेबारा मीटर, ब्रेकचे 5, म्हणजे साडेसतरा-अठरा मीटरमध्ये गाडी उभी. आता ती मुलगी गाडीपासून 18 मीटरवर रस्त्यात आली तर? ताशी 30 वाला तिच्या पुढ्यात येऊन थांबतो, घाबरतो, ओरडतो, पण थांबतो. ताशी 50 वाल्याचा पाय तोपर्यंत ब्रेकवर पोचलेलाच नसतो. तो पुरत्या 50 च्या वेगाने तिला धडकतो. तोच रस्ता, तीच मुलगी, ड्रायव्हरही तितकाच सावध, फरक फक्त काट्यावरच्या वीस आकड्यांचा. आणि धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 50 ची धडक 30 च्या धडकेपेक्षा जवळपास पावणेतीन पट. रस्ता ओला असेल किंवा टायर घासलेले असतील तर ब्रेकचं अंतर अजून लांबतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण 4 टक्क्यांनी वाढते. 2021 मध्ये जगात रस्त्यांवर अंदाजे 11.9 लाख माणसं गेली, आणि 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघातच आहे. रोग नाही, काही नाही, रस्ता. हे मला अजूनही पचत नाही.

आता झेब्रा पट्ट्यांकडे येऊ. ब्रिटनमध्ये 1949 मध्ये प्रयोग करून 1951 मध्ये हे पट्टे अधिकृत झाले. त्याआधी 1934 पासून तिथे क्रॉसिंगच्या जागी खांबावर नारिंगी गोळे होते. पट्टे आणण्याचं कारण साधं होतं, ड्रायव्हरला क्रॉसिंग लांबून दिसावं. म्हणजे पट्टे हा इशारा आहे. तो बघून ड्रायव्हरने थांबायचं असतं, पण तो थांबेलच याची सोय पट्ट्यात नसते.

अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला होता, 30 शहरांमधली 1000 पट्टे मारलेली क्रॉसिंग आणि तशाच प्रकारच्या 1000 बिनपट्ट्यांच्या जागा यांची तुलना केली. दोन लेनच्या रस्त्यावर पट्टे असले नसले तरी पादचाऱ्यांच्या अपघातांत विशेष फरक दिसला नाही. पण अनेक लेनच्या रस्त्यावर, जिथे दिवसाला 12 हजारांपेक्षा जास्त गाड्या जातात, तिथे नुसते पट्टे मारलेल्या जागी अपघाताचं प्रमाण उलट जास्त निघालं. हे वाचून कुणी म्हणेल मग पट्टे पुसूनच टाका, तर तसं नाही, लोकांना ओलांडायला जागा लागतेच आणि ती ठळक दिसायलाच हवी. अर्थ असा की रुंद, वेगवान रस्त्यावर पट्ट्यांबरोबर अजून काहीतरी बांधावं लागतं, नुसता रंग तिथे पुरत नाही.

रुंद रस्त्यावर नेमकं काय होतं ते एक उदाहरण घेऊन सांगते, कारण हा प्रकार सगळ्या पालकांना माहीत असायला हवा. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन लेन आहेत. फुटपाथजवळच्या लेनमधला भला ड्रायव्हर मुलाला बघून थांबतो, हाताने "जा" म्हणतो. मूल खुश होऊन निघतं. पण त्या थांबलेल्या गाडीने, ती व्हॅन किंवा बस असेल तर बघायलाच नको, पलीकडच्या लेनमधला मागून येणारा आणि मूल या दोघांच्या मध्ये भिंत उभी केलीय. मागच्याला फक्त एवढंच दिसतं की शेजारची गाडी थांबलीय, का थांबलीय ते दिसत नाही, आणि तो तसाच पुढे येतो. मुलाला कुणीतरी "जा" म्हटलेलं असतं त्यामुळे ते बघतही नाही. यावर एक अगदी स्वस्तातला उपाय आहे. गाड्यांनी थांबायची रेघ पट्ट्यांना चिकटून न मारता 6 ते 15 मीटर अलीकडे मारायची. पहिली गाडी लांबच थांबली की तिच्या पुढे मोकळी जागा राहते आणि त्या मोकळ्या जागेतून मूल आणि दुसरा ड्रायव्हर एकमेकांना दिसतात. आणि मुलांना हे नक्की शिकवा की एका गाडीने थांबून वाट दिली तरी तिच्या कडेला आल्यावर परत थांबायचं आणि पुढच्या लेनमध्ये डोकावून बघायचं.

आता रुंदी. मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं असं धरू, आणि निघायचं ठरवून पाऊल उचलायला दोन सेकंद. 10 मीटरचा रस्ता असेल तर एकूण 12 सेकंद लागले. ताशी 50 ची गाडी 12 सेकंदात 167 मीटर कापते. म्हणजे सुरक्षित निघायचं तर त्या मुलाला 167 मीटर लांबच्या गाडीचा अंदाज बरोबर यायला हवा, तोही दोन्ही दिशांना एकाच वेळी. आत्ताच आपण बघितलं की त्याच्या डोळ्यांना ते जमत नाही. आता रस्त्याच्या मधोमध एक बेट करा, म्हणजे उंच कडांचा सुरक्षित कट्टा जिथे मूल मध्येच थांबू शकेल. आता एका वेळी फक्त 5 मीटर ओलांडायचे, 7 सेकंद, आणि एकाच दिशेला बघायचं. 167 चे 97 मीटर झाले. त्यात गाड्यांचा वेग 30 वर आणा, 58 मीटर झाले. 58 मीटरवरची गाडी, एकाच बाजूने येणारी, आणि ती पण हळू. हे सातवी-आठवीतल्या मुलाला बऱ्यापैकी जमतं, आणि पहिलीतल्या मुलाचा हात धरलेल्या आजीलाही जमतं. दोन साध्या बदलांनी अवघड परीक्षा सोपी झाली. हे आकडे कागदावर मांडून कुणाही अधिकाऱ्याला दाखवता येतात, आणि माझा अनुभव आहे की "मुलांना भीती वाटते" यापेक्षा "167 मीटर" हे जास्त लवकर ऐकलं जातं.

बेट करताना ते निदान 2 मीटर रुंद हवं, नाहीतर सायकल हातात धरलेलं मूल किंवा बाबागाडी घेतलेली आई उभी राहिली की चाक लेनमध्ये येतं. रस्त्यात नुसता रंगाचा आयत काढून त्याला बेट म्हणू नये, त्यावरून गाड्या सरळ जातात.

बेटाला जागा नसेल तर उलट करायचं, फुटपाथच दोन्ही बाजूंनी रस्त्यात पुढे आणायचा, फक्त क्रॉसिंगच्या जागी. जिथे गाड्या पार्क होतात तेवढी रुंदी फुटपाथ खाऊन टाकतो. याने एका दगडात खूप पक्षी मरतात. ओलांडायचं अंतर कमी होतं, मूल जिथे उभं राहतं तिथून त्याला पार्क केलेल्या गाड्यांच्या पलीकडचं दिसतं, ड्रायव्हरला मूल दिसतं, आणि क्रॉसिंगला चिकटून गाडी लावणं शक्यच होत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीची ती दोन धोक्याची पावलं आता फुटपाथवर पडतात.

एवढं बांधकाम होईपर्यंत निदान क्रॉसिंगच्या जवळचं पार्किंग काढा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला की क्रॉसिंगच्या अलीकडे, गाड्या येतात त्या बाजूला, साधारण 6 मीटर गाडी उभी करायची नाही. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडचं होबोकेन नावाचं दाटीवाटीचं छोटं शहर आहे, तिथे 2017 च्या सुरुवातीपासून कित्येक वर्षं रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही, आणि त्यांच्या कामातला मोठा भाग हाच होता, कोपरे मोकळे करणं. तिथे नुसती "नो पार्किंग" पाटी लावून थांबले नाहीत, त्या जागेत खांब लावले, सायकल स्टँड ठेवले, झाडं लावली. हा मुद्दा माझ्या मते फार महत्त्वाचा आहे, पाटी लावलेली मोकळी जागा शाळा सुटायच्या वेळी दोन मिनिटांसाठी आलेल्या गाड्यांनी पहिली भरते, आणि सायकल स्टँड तिथे उभा असेल तर गाडी घुसतच नाही.

तुम्हाला स्वतःला खात्री करायची असेल तर एकदा क्रॉसिंगच्या कडेला गुडघ्यावर बसा. खरंच बसा, लोक बघतील तर बघू देत. तुमचे डोळे साधारण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील. उभं असताना जो रस्ता मोकळा दिसत होता तिथे आता बॉनेट आणि बंपर आहेत. हल्लीच्या उंच नाकाच्या गाड्यांचं बॉनेट तर मीटरभर उंच असतं, त्याच्यामागे लहान मूल पूर्ण लपतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये सांगितलं की ज्या गाड्यांचं बॉनेट एक मीटरपेक्षा उंच आहे त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा साधारण 45 टक्के जास्त असते. छोट्या गाडीची धडक पायांना बसते, उंच गाडीची धडक मोठ्या माणसाच्या छातीला आणि मुलाच्या डोक्याला.

वेग कमी करायचा म्हटलं की सगळ्यात आधी आठवतो स्पीड ब्रेकर. चांगलाच आहे, पण बरेचदा तो चुकीच्या जागी असतो, क्रॉसिंगच्या पलीकडे किंवा इतका अलीकडे की तो ओलांडून गाडी परत वेग घेते आणि नेमकी पट्ट्यांवर पोचते तेव्हा जोरात असते. त्यापेक्षा क्रॉसिंगच उचलून घ्या. म्हणजे ओलांडायचा पूर्ण पट्टा फुटपाथच्या उंचीला आणायचा, वरून सपाट, दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार. मग मूल रस्त्यात उतरतच नाही, ते फुटपाथवरूनच चालत पलीकडे जातं आणि गाडीला मुलाच्या जागेवर चढून यावं लागतं. कुणाचा रस्ता आहे हे न सांगता कळतं. व्हीलचेअरवालं मूल असेल, काठी घेऊन चालणारे आजोबा असतील, सगळ्यांना सोपं. फक्त पाण्याचा निचरा आधी नीट बघायला हवा, नाहीतर कडेला तळं साचतं आणि मुलं ते टाळायला दुसरीकडून ओलांडतात.

चौकातल्या कोपऱ्यांचं पण तसंच. कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर गाडी वेग न सोडता वळते. तोच कोपरा काटकोनाकडे नेला की वळताना ब्रेक मारावाच लागतो. ड्रायव्हरला कुणी उपदेश करायची गरज नाही, स्टिअरिंगच त्याला सांगतं.

सिग्नल असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, हिरवा माणूस किती वेळ मिळतो. बऱ्याच ठिकाणी हिशोब सेकंदाला 1.2 मीटर या चालीने केलेला असतो. 14 मीटरचा रस्ता त्या हिशोबाने पावणेबारा सेकंदात संपतो, पण लहान मुलांची रांग किंवा धाकट्या भावाला ओढत नेणारी ताई 0.9 ने चालते, तिला साडेपंधरा सेकंद लागतात. हा पावणेचार सेकंदांचा फरक म्हणजे एक अख्खी लेन, आणि ती लेन तिला लाल दिव्यात ओलांडावी लागते. सिग्नलच्या पेटीत वेळ बदलायला खोदकाम लागत नाही. दोन, पादचाऱ्यांना थोडी आघाडी द्या. गाड्यांचा हिरवा लागायच्या 3 ते 7 सेकंद आधी चालणाऱ्यांचा हिरवा लावायचा. म्हणजे वळणाऱ्या गाड्या सुटेपर्यंत मुलं क्रॉसिंगच्या मधोमध पोचलेली, अगदी डोळ्यासमोर असतात. दोघांचा हिरवा एकदम लागला की वळणारी गाडी आणि पहिलं पाऊल टाकणारं मूल एकाच क्षणी एकाच जागी येतात. आणि हो, लुकलुकणारा माणूस म्हणजे "पळा" असं बऱ्याच मुलांना वाटतं. त्याचा अर्थ आहे, जे निघालेत त्यांनी पूर्ण करा, जे कडेला आहेत त्यांनी निघू नका. हे एकदा मुलांना नीट सांगा.

काही जागी माणूसच लागतो. हातात "थांबा" लिहिलेली पाटी, अंगात चमकणारं जॅकेट, आणि सकाळ-दुपार ठरलेल्या वेळी हजर. ब्रिटनमध्ये 1953 च्या कायद्याने अशा माणसांना गाड्या थांबवायचा अधिकार दिला. या माणसाला अधिकार, पगार आणि प्रशिक्षण तिन्ही पाहिजे. उत्साही पालकांना नुसती शिट्टी देऊन रस्त्यात उभं करणं मला पटत नाही, मग त्यांच्याच जिवाला धोका होतो. आणि तो माणूस एक दिवस आजारी पडला तर क्रॉसिंगवर काय उरतं, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर "नुसते पट्टे" असेल तर बाकीचं काम अजून बाकी आहे.

वेगमर्यादेबद्दल, फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला जगभरातल्या मंत्र्यांची परिषद झाली तिच्या जाहीरनाम्यात होतं की जिथे चालणारे आणि गाड्या एकत्र मिसळतात तिथे ताशी 30 पेक्षा जास्त वेग नको. ब्रिटनमधल्या वेल्सने सप्टेंबर 2023 मध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी 20 मैल केली, म्हणजे आपले 32 किलोमीटर. पण रस्ता जर 60 ने जाण्यासारखा सरळसोट आणि रुंद असेल तर 30 ची पाटी एकटी काही करू शकत नाही, लोक रस्ता बघून गाडी चालवतात. म्हणून आधी रस्ता अरुंद करा, उचला, वळवा, आणि मग पाटी लावा, म्हणजे पाटी आणि रस्ता एकच गोष्ट सांगतील. जिथे बदल लगेच होत नाहीत तिथे वेग टिपणारे कॅमेरे उपयोगी पडतात. न्यूयॉर्कने शाळांजवळचे कॅमेरे ऑगस्ट 2022 पासून चोवीस तास चालू ठेवले, आधी ते रात्री आणि शनिवार-रविवारी बंद असायचे, जणू मुलं त्या वेळी रस्त्यावर नसतातच.

आता जे बोलायला थोडं अवघड आहे ते. शाळेसमोरची गर्दी बरीचशी आपली, पालकांचीच असते. रस्ता धोक्याचा म्हणून मुलाला गाडीने सोडायचं, त्याने गेटसमोर अजून एक गाडी वाढते, ती दुहेरी रांगेत उभी राहते, तिच्या आडून दुसऱ्याचं मूल चालत येतं, मग त्याचे पालकही गाडी काढतात. यात कुणीच वाईट नाही, प्रत्येकजण आपल्या मुलापुरता विचार करतोय. यावर इटलीतल्या बोल्झानो शहराने 1980 च्या दशकाच्या शेवटी एक उपाय काढला जो आता युरोपभर पसरलाय, शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद. सोडायला येणाऱ्यांनी थोडं लांब गाडी लावायची आणि शेवटचे तीन-चारशे मीटर मुलांबरोबर चालत यायचं. त्या रस्त्यावर राहणारे आणि रुग्णवाहिका यांना सूट असते. आधी विरोध होतो, हमखास होतो, म्हणून आधी एक महिना करून बघायचं आणि मग ठरवायचं, हे बरं पडतं.

कधीकधी उत्तर क्रॉसिंगवर नसतंच, ते गेटमध्ये असतं. टांझानियातल्या दार एस सलाममध्ये शाळांभोवतीचे रस्ते सुधारायचा एक कार्यक्रम झाला, त्याला 2019 मध्ये शहरांसाठीचं मोठं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं. त्यांनी केलेली कामं बघितली तर डोळे दिपवणारं काही नाही, फुटपाथ, खांब, गतिरोधक, पट्टे, आणि काही शाळांचं गेट मोठ्या रस्त्यावरून काढून मागच्या शांत गल्लीत नेणं. गेट हलवलं की शेकडो मुलांचं मोठ्या रस्त्यावर येऊन थडकणंच बंद. आपल्या शाळेला मागचं दार आहे का आणि ते का बंद असतं, एवढं तरी नक्की विचारा.

पादचारी पुलाचा आग्रह खूप ठिकाणी होतो. हायवे असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या रस्त्यावर दोन जिने चढून उतरायला मुलाला दीड-दोन मिनिटं लागतात आणि खालून पंधरा सेकंद, त्यामुळे मुलं खालूनच जातात, आणि आता ड्रायव्हरला वाटतं की खाली कुणी असणारच नाही. व्हीलचेअरवाल्यांचं काय होतं ते सांगायला नको.

हे सगळं आपल्या शाळेसाठी मागायचं तर सुरुवात मोजण्यापासून करा. दोन दिवस, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास. रस्त्याच्या कडेला खडूने 50 मीटरच्या दोन खुणा करा आणि गाडी एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदात जाते ते फोनवर लावा. 6 सेकंद लागले तर ताशी 30, साडेतीन-पावणेचार लागले तर 50 च्या आसपास. मुलं नेमकी कुठून ओलांडतात ते कागदावरच्या नकाशात टिंब टिंब देऊन दाखवा, पट्टे असतील तिथून ओलांडत नसतील तर मुलांना ओरडू नका, पट्ट्यांची जागा चुकली असण्याची शक्यता मोठी आहे. करकचून ब्रेक लागलेले, मूल मागे उडी मारून वाचलेलं, असं जे जे झालं ते वेळेसकट लिहा. अपघाताची नोंद व्हायची वाट बघणं म्हणजे एका मुलाची वाट बघणं, आणि निसटलेले प्रसंग तेच सांगत असतात फक्त आधी. मग हा रस्ता नक्की कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा, शहराचा, राज्याचा की अजून कुणाचा, कारण चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. अर्ज शाळेच्या लेटरहेडवर, सोबत नकाशा, वेगांचा तक्ता आणि गुडघ्यावर बसून मुलाच्या उंचीवरून काढलेला फोटो.

आणि कायमचं बांधकाम मंजूर होईपर्यंत तात्पुरतं करून बघायची परवानगी मागा. प्लास्टिकचे कोन, रबरी खांब, भरलेल्या कुंड्या, थोडा रंग. कोपरा पुढे आणायचा असेल तर आधी कोनांनी आखा आणि शाळेची मोठी बस वळते का बघा, नाही वळली तर कोन हातभर मागे घ्या, सिमेंट असं मागे घेता येत नाही. दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खुणांवर परत सेकंद मोजा आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावून द्या. फोटोही परत काढा, त्याच जागी गुडघ्यावर बसून, आणि या वेळी रस्ता किती लांबपर्यंत दिसतोय ते पावलांनी मोजून फोटोखाली लिहा.